मिलिमीटरभर स्पष्ट

फोटोत सगळे पतंग एकाच मापाचे होतात. तळहात झाकून टाकणारा ॲटलस मॉथ असो की पंख पसरूनही तीन-चार मिलिमीटरांत आटोपणारा नेप्टिक्युलिडी कुळातला पतंग असो, पडद्यावर दोघंही सारखीच जागा अडवून बसतात. बघणाऱ्याला वाटतं, एवढी नक्षी दिसतेय, एवढे रंग दिसतायत, मग नाव सांगायला काय हरकत आहे? हरकत ही, की सगळ्यांत आधी विचारायचा प्रश्न म्हणजे हा जीव केवढा आहे, आणि त्याचं उत्तर कॅमेऱ्याने आधीच गिळून टाकलेलं असतं.

म्हणून मी मॉथ स्क्रीनची, म्हणजे पतंग येऊन बसावेत म्हणून रात्री दिव्यापाशी टांगतात ती, चादर बदलत नाही. तिची वीण मला पाठ आहे. मिलिमीटरभर जागेत किती धागे बसतात हे एकदा पट्टी लावून पाहून ठेवलं, तेव्हापासून प्रत्येक फोटोत पट्टी आयतीच येते. डोक्यापासून पंखांच्या टोकापर्यंत धागे मोजायचे की लांबी हाती लागते. भिंतीवर बसलेल्याला ही सोय नाही. तो उडून गेला की त्याच जागी, तेवढ्याच अंतरावरून, पट्टी धरून आणखी एक फोटो घ्यावा लागतो. रात्री रिकाम्या भिंतीवर पट्टी धरून फोटो काढताना आपल्याला कुणी पाहिलं तर त्याचं काय मत होईल, याचा विचार करू नये.

लहान पतंग म्हणजे काही एक घराणं नव्हे. फुलपाखरं आणि पतंग मिळून सुमारे १,६०,००० प्रजातींची आजवर नोंद झाली आहे. त्यात फुलपाखरं वीस हजारांच्या आसपास. बाकी सगळे पतंग, आणि त्यांतल्या एका भल्यामोठ्या ढिगाला अभ्यासक ‘मायक्रो’ म्हणतात. ही वाटणी निव्वळ सोयीची आहे. ती धड आकारावर बेतलेली नाही, धड नात्यावरही नाही. मायक्रोंमध्ये टाकलेले काही पतंग अंगठ्याएवढे असतात. उलट युपिथेशिया हा जीनस कागदोपत्री मोठ्यांमध्ये मोडतो, पण त्यातले पतंग लहानखुरेच असतात. कुळ, त्याच्या आत जीनस, त्याच्या आत प्रजाती, अशी ही उतरंड. आणि या एकट्या जीनसमध्ये चौदाशेहून जास्त प्रजाती आहेत. बहुतेक राखाडी नाहीतर तपकिरी, बारीक नागमोडी रेघांच्या. पतंग ओळखण्यात तरबेज झालोय असं कुणाला वाटायला लागलं की त्याच्यापुढे एक युपिथेशिया ठेवावा.

नाव शोधायला जुनी चित्रं आणि संग्रहालयांतले नमुने उघडले की वेगळीच पंचाईत होते. संग्रहातला पतंग टाचणीवर टोचून, पंख दोन्हीकडे ताणून वाळवलेला असतो. पुढच्या पंखाची मागची कड शरीराशी काटकोनात यायला हवी असा शिरस्ता आहे. त्यामुळे मागचे पंख, त्यांच्या शिरा, कडेची झालर, सगळं मोकळं दिसतं. पण लहान पतंगांपैकी फारच थोडे जिवंतपणी असे बसतात. बाकीचे मागच्या पंखांची घडी घालून ते पुढच्या पंखांखाली सरकवतात. जेलेकिइडी नावाच्या कुळाची एक हमखास खूण म्हणजे मागच्या पंखाचं बोटासारखं पुढे काढलेलं टोक, आणि फोटोत नेमका तोच पंख झाकलेला. म्हणजे पुस्तक ज्या खुणा सांगतं त्या माझ्या फोटोत नाहीत, आणि माझ्या फोटोत जे दिसतंय त्याविषयी पुस्तक गप्प.

हा हिशेब मी बरेच दिवस तोट्याचा धरत होते. आता धरत नाही. फोटोने आकार नेला, मागचे पंख नेले, शरीराच्या आतलं तर दाखवलंच नाही. पण टाचणीने जे नेलं होतं ते त्याने परत आणून दिलं: पतंग बसतो कसा. माझ्या मते लहान पतंगांच्या बाबतीत हा सौदा फायद्याचा आहे.

याचं एक उत्तम उदाहरण हेटेरोस्फेशिया टॅव्होनॉयडिस या पतंगाचं आहे. हा सेसिइडी कुळातला, म्हणजे पारदर्शक पंखांचा, दिवसा उडणारा, माशी-गांधीलमाशीचं सोंग घेणाऱ्यांपैकी. १८८७ साली सुमात्रात मिळालेला एकच नमुना, तोही खराब झालेला, व्हिएन्नाच्या संग्रहालयात पडून होता. पुढे जवळपास १३० वर्षं हा कुणाला दिसला नाही. २०१३ मध्ये मार्टा स्कोव्रोन व्होल्पोनी यांना मलेशियाच्या जंगलात नदीकाठी तो ओल्या मातीतले क्षार शोषताना दिसला आणि त्यांनी त्याचं चित्रीकरण केलं. झळाळणारा निळा रंग, केसाळ पाय, मधमाशीसारखं उडणं, तिच्यासारखाच गुणगुणाट. व्हिएन्नातल्या वाळक्या नमुन्यावरून यातलं काय कळणार होतं? अर्थात ओळख पक्की करायला तोच वाळका नमुना लागला, हेही खरं.

तर बसणं. यावर मी तासन् तास बोलू शकते, म्हणून घरच्यांनी विचारणं सोडून दिलंय. टॉर्ट्रिसिडी कुळातले पतंग पंख उतरत्या छपरासारखे मिटतात आणि खांद्याशी फुगीर होतात. वरून पाहिलं की घंटेची बाह्यरेषा. टेरोफोरिडींचे पंख पिसांसारखे चिरलेले असतात, पण बसताना त्यांची अशी घट्ट सुरळी करतात की पंख वाटतच नाहीत, आडवी काडी वाटते. शरीर आणि ती काडी मिळून इंग्रजी टी. त्यांचे लांबचे भाऊबंद ॲल्युसिटिडी मात्र पंख पसरून बसतात आणि प्रत्येक पंखाची सहा-सहा पिसं मोजता येतात. चार पंख, चोवीस पिसं. गवतावरचे क्रॅम्बिड पंख अंगाभोवती गुंडाळून काडीला समांतर चिकटतात आणि काडीच होऊन जातात. कोलिओफोरिडी दोन्ही मिशा जोडून नाकासमोर सरळ रोखतात. ग्रॅसिलॅरिइडी कुळातले पुष्कळ पतंग पुढचे पाय ताठ करून छाती उचलतात, दंड काढणारा माणूस वर आल्यासारखे. तर आर्गिरेस्थिया या जीनसमधले बरोबर उलटे, डोकं टेकून मागची बाजू हवेत. दोन्ही पाच-सहा मिलिमीटरांचे, दोन्ही रुपेरी-तपकिरी. रंगावरून वेगळे करायला गेलात तर रात्र जाईल. कुठलं टोक वर आहे एवढं पाहिलं की पाच सेकंदांत कुळ कळतं.

म्हणूनच वरून काढलेला एकच फोटो मला अर्धा वाटतो, मग तो कितीही देखणा का असेना. उतार, चढ, पायांची ठेवण वरून सपाट होऊन जाते. बाजूने काढलेला, थोडा हललेलासुद्धा, जास्त सांगतो.

बाजूने काढायचं आणखी एक कारण म्हणजे तोंड. पतंगाच्या तोंडाजवळून खवल्यांनी मढलेले दोन अवयव पुढे आलेले असतात, त्यांना पाल्प म्हणतात. लहान पतंगांची अर्धी ओळख या पाल्पांत असते. क्रॅम्बिडी आणि पायरॅलिडींत अनेकांचे पाल्प नाकाडासारखे पुढे येतात. जेलेकिइडींचे खालून वळून डोक्याच्या वर जातात, निमुळते, शिंगांसारखे. टॉर्ट्रिसिडींचे आखूड, खवल्यांनी फुगलेले, बाजूने त्रिकोणी दिसणारे. कपड्यांना लागणारी कसर ज्या टिनिइडी कुळात येते, त्यांच्या डोक्यावर विस्कटलेल्या केसांचा झुपका असतो, झोपेतून उठल्यासारखा. आणि नेप्टिक्युलिडींच्या मिशांचा बुडाचा भाग रुंद होऊन डोळ्यावर झाकणासारखा येतो. ही झाकणं दिसली की आकार माहीत नसला तरी निम्मी शंका फिटते.

अडचण अशी, की एवढ्या जवळून फोटो काढताना लेन्सला जेमतेम मिलिमीटरभर खोली स्पष्ट दिसते. डोळा स्पष्ट आला तर पंख धूसर, पंख आले तर मिशा विरघळलेल्या. त्यामुळे एका चित्रात सगळं पकडायचा हट्ट मी सोडला. वरून एक, पंखांच्या पातळीवर. बाजूने एक, डोळ्याच्या पातळीवर. जमलं तर समोरून एक. तिन्ही फोटो स्पर्धेला पाठवण्याच्या लायकीचे नसतात. पण तिघांचे स्पष्ट मिलिमीटर जोडले की एक पुरता पतंग तयार होतो. हल्लीचे फोन स्वतःच्या हुशारीने चित्र ‘सुधारतात’ तेव्हा मात्र सावध राहावं. पंखावरचा एक खवला साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा असतो. फोन त्या खवल्यांची रवाळ नक्षी पुसून गुळगुळीत करतो आणि रेघांच्या कडा उगाच ठळक करतो. रेघ तुटक आहे की अखंड, यावर प्रजाती ठरायची असते आणि ती रेघ फोनने परस्पर जोडून दिलेली असते.

फ्लॅशचंही तसंच. पुष्कळ लहान पतंगांच्या अंगावर धातूसारखे चमकणारे ठिपके असतात. ही चमक कुठल्या रंगद्रव्याची नसते. खवल्यांच्या अतिसूक्ष्म रचनेवर प्रकाश कसा आदळतो आणि कसा परततो, त्यावर ती ठरते. त्यामुळे तोच ठिपका एका कोनातून सोन्याचा आणि दुसऱ्या कोनातून काळा. दोन फोटो शेजारी ठेवले तर शपथेवर सांगाल की हे दोन वेगळे पतंग आहेत. त्यात खवले झडतात. पहिल्यांदा झालर जाते, मग खांद्याजवळचे उभे राहिलेले झुपके, मग मधली नक्षी. म्हातारा पतंग बहुधा एक पिवळट, अर्धपारदर्शक, गतवैभवी जीव असतो. त्याचा फोटो काढावा, नाव विचारू नये.

दिव्याखाली आलेला पतंग हा मुळातच थोडा बिघडलेल्या मनःस्थितीतला असतो, हेही लक्षात ठेवावं लागतं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या हालचालींवरून दिसलं, की उडणारे कीटक उजेडाकडे पाठ करू पाहतात. आकाश वर असतं तेव्हा ही सवय त्यांना सरळ ठेवते. दिवा बाजूला किंवा खाली आला की तीच सवय त्यांना गरगर फिरवते. अशा गिरक्या घेऊन धपकन चादरीवर आदळलेला पतंग सुरुवातीची काही मिनिटं आपल्या कुळाला शोभेल असा बसतच नाही. पंख अर्धवट उघडे, मिशा कुठेही. थांबायचं. तो सावरला, मिशा जागच्या जागी गेल्या, की मग बटण दाबायचं.

इतकं सगळं जमल्यावर तरी नाव मिळतं का? बऱ्याचदा नाही. का नाही, हे समजायला एका शाळामास्तरांकडे जावं लागतं.

एडवर्ड मेरिक, १८५४ ते १९३८. इंग्लंडमधल्या मार्लबरो इथल्या शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात जगभरातून आलेले लहान पतंग तपासायचे. भारतातून, बिहारमधल्या पुसा इथले कीटकशास्त्रज्ञ बेनब्रिग फ्लेचर त्यांना नमुने पाठवत. या एका माणसाने चौदा हजारांहून जास्त प्रजातींची वर्णनं लिहिली. त्यासाठी १९१२ पासून स्वतःचं एक नियतकालिकच काढलं. वर्णनं नेमकी, शिस्तीत लिहिलेली, पण चित्रांची वानवा. आणि एक हट्ट: पतंगांची जननेंद्रियं तपासून प्रजाती ठरवायची पद्धत रूढ होत असताना त्यांनी ती मानली नाही. पंखांच्या शिरा, पाल्प, रंग, नक्षी यांवर भागलं पाहिजे, ही त्यांची भूमिका. एका अर्थी आपण फोटोवाले सगळे मेरिकचे वारस आहोत. बाहेरून दिसतं तेवढ्यावर नाव सांगायची आपलीही धडपड, फक्त त्यांच्या हातात नमुना होता आणि नजरेत चौदा हजार पतंग.

मेरिकांच्या मागे त्यांच्या नमुन्यांचा उलगडा करायला जे. एफ. गेट्स क्लार्क हा अमेरिकन अभ्यासक लंडनच्या संग्रहालयात बसला. मेरिकने ज्यांवरून वर्णनं केली ते मूळ नमुने त्याने शोधून काढले, आणि पंखांच्या फोटोशेजारी जननेंद्रियांचे फोटो छापले. आठ खंड, १९५५ ते १९७०. ती पानं बघताना मला भीती आणि दिलासा एकदमच वाटतो. वर दोन तपकिरी पंख, अगदी जुळे. खाली त्यांचे अंतर्भाग, आणि त्यांत काडीचंही साम्य नाही.

ते काम कसं होतं, थोडक्यात. मेलेल्या पतंगाचं पोट काढून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात ठेवतात. मऊ भाग विरघळतो आणि कायटिनचे कठीण भाग उरतात. ते स्वच्छ करून, रंगवून, काचपट्टीवर बसवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बाहेरून जुळे दिसणारे पतंग इथे बहुतेकदा वेगळे निघतात. नर-मादीचे अवयव कुलूप-किल्लीसारखे जुळावे लागतात म्हणून असं होतं, ही जुनी समजूत. आज बरेच जीवशास्त्रज्ञ मादीची निवड आणि नरांमधली चढाओढ ही कारणं जास्त मानतात. त्याशिवाय आता डीएनए बारकोडिंग आलंय. २००३ मध्ये पॉल हेबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या या पद्धतीत एका जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वाचतात, आणि त्यासाठी पतंगाचा एखादा पाय पुरतो.

मी स्वतः पतंग मारत नाही, चिरफाड करत नाही. पण यात पुण्य मिळवल्याचा भाव मला अजिबात मान्य नाही. ‘आम्ही फक्त फोटो काढतो’ असं छाती काढून सांगणाऱ्यांना माझं सांगणं असतं की आपण वापरतो त्या प्रत्येक नावाच्या मुळाशी टाचणीवरचा एक नमुना आहे. कुणीतरी ते काम केलं म्हणून आपल्या फोटोला नाव देता येतं. २०११ मध्ये मलेशियात काढलेला जाळीदार पंखांच्या एका कीटकाचा फोटो इंटरनेटवर होता. शॉन विंटरटन या कीटकशास्त्रज्ञाच्या तो नजरेला पडला आणि ही प्रजाती विज्ञानाला नवीन असावी असं त्याच्या लक्षात आलं. तो पतंग नव्हता, लेसविंग होता, पण गोष्ट तीच. फोटो पाहून खात्री वाटली, तरी नाव दिलं गेलं ते नमुना हाती आल्यावरच. २०१२ मध्ये, सेमाक्रायसा जेड.

म्हणून फोटोवरून ओळखताना कुठे थांबायचं, हे नावं पाठ करण्याइतकंच महत्त्वाचं कौशल्य आहे असं मला वाटू लागलंय. चित्रात जेवढा पुरावा आहे तेवढंच नाव. कुळापर्यंत पुरावा असेल तर कुळ. जीनसपर्यंत असेल तर जीनस. लोकांना हे अपुरं वाटतं. ‘म्हणजे तुम्हाला ओळखू नाही आलं’ असं ऐकावं लागतं. ओळखू आलं की! जेलेकिइडी आहे हे ओळखू आलं. बाकीचं त्याच्या पोटात आहे.

फोटो दाखवला की नावं सुचवणाऱ्या ॲपांनी ही थांबण्याची सवय बिघडवली आहे. ॲप वाईट नाहीत. मोठ्या, ठळक पतंगांच्या बाबतीत ती थक्क करतात, आणि कुळ गाठून देण्यात मीही त्यांची मदत घेते. पण यंत्राला जी नावं शिकवलेली असतात त्यांतूनच ते निवडतं. ज्या प्रजातीचे पुरेसे फोटो कधी कुणी काढलेच नाहीत ती त्याच्या जगात अस्तित्वातच नाही. मग त्या दुर्मीळ पतंगावर शेजारच्या सामान्य पतंगाचं नाव चढतं. ते नाव कुणीतरी आनंदाने मान्य करतं, तोच फोटो पुढे यंत्राच्या शिकवणीत जातो, आणि चूक बळकट होऊन परत येते. लहान पतंगांत हे चक्र फार वेगाने फिरतं, कारण त्यांना अडवणारी माणसं थोडी. एखाद्या नावाच्या फोटोंकडे एकत्र पाहिलं आणि त्यात तीन वेगवेगळ्या बसण्याच्या तऱ्हा दिसल्या, तर समजावं की नावाखाली संमेलन भरलंय.

सगळंच अवघड असतं असं नाही. स्पोलाडिया रिकर्व्हॅलिस हा उष्ण प्रदेशांत जगभर सापडणारा क्रॅम्बिड, चॉकलेटी पंखांवर स्वच्छ पांढरा पट्टा, कुठल्याही कोनातून, कितीही वाईट फोटोतून ओळखू येतो. त्याच्यावर माझा जीव आहे तो यासाठीच. डायाफॅनिया इंडिकाही तसाच: मोत्यासारखे पारदर्शक पांढरे पंख, काळी किनार, आणि शेपटीला केसांचा एक झुबका जो तो सतत फुलवत असतो. फक्त फोटो अमेरिकेतला असेल तर तिथला हायालिनाटा हा भाऊ जवळजवळ हुबेहूब असल्यामुळे पुन्हा गप्प बसावं लागतं. फोटो कुठे काढला, हे न लिहिता नाव विचारणाऱ्यांना मी म्हणूनच आधी जागा विचारते.

आणि काही ओळखी नुसत्या मजेच्या. ब्रेन्थिया नावाचे चिमुकले पतंग पंख असे उचलून, वळवून धरतात आणि अशी झटक्याझटक्याने चाल करतात की समोरून उडी मारणारा कोळी वाटावा. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत खऱ्या उडी मारणाऱ्या कोळ्यांनी या पतंगांना खाण्याऐवजी त्यांच्यापुढे पाय उंचावून, आपल्या जातभाईला दाखवतात तसा हद्दीचा दम दिला होता. २०१७ मध्ये वाझ्रिक नझारी यांनी सेंटिमीटरभर पंखांच्या एका जेलेकिइडचं नामकरण केलं, निओपाल्पा डोनाल्डट्रम्पी. कारण त्याच्या डोक्यावरचे फिकट पिवळे खवले. फोटोत तो केशसंभार झकास दिसतो. प्रजाती वेगळी असल्याचा पुरावा मात्र जननेंद्रियं आणि डीएनएचा.

पतंगाचा फोटो हरला तिथे बरेचदा पानाचा फोटो जिंकतो. लहान पतंगांच्या अनेक अळ्या पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये राहून आतला गर खात पुढे सरकतात. शेतकरी अशा अळीला नागअळी म्हणतात, कारण पानावर उमटलेली वाट नागमोडी असते. ही वाट कुठल्या झाडाच्या पानावर आहे, शिरेपाशी सुरू होते की कडेला, सारखी अरुंद राहते की पुढे पसरून फुगवटा होतो, आतल्या विष्ठेची रेघ मधोमध आहे की भरून सांडलेली आहे, यावर नेप्टिक्युलिडी कुळात कधी कधी थेट प्रजातीपर्यंत जाता येतं, जिथे प्रत्यक्ष पतंग समोर असूनही अभ्यासक हात वर करतात. पान पळत नाही, हलत नाही, उजेडासमोर धरलं की आतली अळीसुद्धा दिसते. शिवाय ही सही टिकाऊ आहे. सुमारे ९.७ कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्म पानांवर अशाच नागमोडी वाटा सापडल्या आहेत आणि त्या आजच्या कुळांशी जुळवता आल्या आहेत. पतंगाचा मागमूस नाही, त्याच्या बालपणातल्या जेवणाचा नकाशा शिल्लक.

टोमॅटोवरच्या टुटा ॲब्सोल्युटाचं हेच. मेरिकनेच १९१७ मध्ये पेरूतल्या नमुन्यावरून वर्णन केलेला हा राखाडी जेलेकिइड आज जगभर पिकांची नासाडी करतो. नुसत्या पतंगाचा फोटो दाखवला तर बटाट्यावरच्या त्याच्या नातेवाइकापासून तो वेगळा करताना घाम फुटतो. टोमॅटोच्या पानावरचे वेडेवाकडे पारदर्शक डाग दाखवले की बोलणं सोपं होतं. युरोपातले पांढऱ्या पंखांवर काळ्या ठिपक्यांचे यपोनोम्युटा पतंग घ्या. त्यांतले काही एकमेकांपासून ओळखणं जवळपास अशक्य, पण अळ्यांनी सफरचंदाच्या झाडावर जाळं विणलंय की युओनिमस नावाच्या झुडपावर, एवढं कळलं की वाट मोकळी. इथेही नावावर विसंबू नये. एव्होनिमेला असं युओनिमसवरून नाव मिळालेली प्रजाती युओनिमस खातच नाही, बर्ड चेरी खाते.

त्यामुळे माझ्या ‘अनोळखी’ फोल्डरमधल्या प्रत्येक फोटोसोबत तारीख, जागा, लांबी आणि आसपासची झाडं लिहिलेली असतात. अधूनमधून कुणी एखाद्या जीनसची नव्याने मांडणी करतं, नवी खूण सांगतं, आणि मी तो फोल्डर उघडून बसते. कधी एखादा कुळावरून जीनसवर चढतो. बढतीचा वेग सरकारी म्हणावा असा आहे, पण पदावनतीही होते. दोन-तीन फोटोंची प्रजातीची नावं खोडून मी त्यांना पुन्हा जीनसवर आणलंय, आणि त्यात मला काही गमावल्यासारखं वाटलं नाही.

परवा रात्री भाच्याचा मेसेज आला. सोबत फोटो: वरून काढलेला, निमुळता, राखाडी, तीन काळे ठिपके.

“मावशी, हा कोण आहे गं?”

“कशावर बसलाय?”

“खिडकीच्या काचेवर. आतून.”

“अजून आहे?”

“आहे. हलत पण नाहीये.”

“मग बाजूने एक काढ. फोन त्याच्या डोळ्याच्या पातळीला आण. तोंड दिसलं पाहिजे.”

बऱ्याच वेळाने फोटो आला. पाल्प दिसत होते, वर वळलेले, टोकदार. पंख पूर्ण धूसर.

“जेलेकिइडी,” मी लिहिलं.

“ते काय आडनाव झालं. नाव?”

“आडनावच लिही. खाली तारीख लिही, पट्टी लावून लांबी लिही. आणि उद्या उजाडलं की खिडकीबाहेर कुठली झाडं आहेत ते बघ. पानं उलटीसुलटी करून बघ, नुसतं वरवर नको.”